अश्रूंचा पडदा

(डोळ्यांत पाणी आले, की आपण ते पुसून टाकतो. हे पाणी नसते, तर काय झाले असते? अश्रूंचे कार्य, डोळे कोरडे पडण्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांची माहिती या पाठात दिली आहे.)

अश्रू म्हटले, की आपल्याला दुःख आठवते. मुलगी सासरी निघाली, की आईचे डोळे भरून येतात. कधी आनंदानेही डोळे पाणावतात. कांदा चिरताना तर दुःख नसताना रडू येते. पण आपण हसत असतो, खेळत असतो, पुस्तक वाचत असतो, तेव्हाही आपल्या डोळ्यांत अश्रू असतातच. ते गालांवर ओघळत नाहीत, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही.

आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांना रक्तातून प्राणवायू मिळतो. पारपटलात मात्र रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या, तर डोळ्यांत शिरणारा प्रकाश अडला असता. मग पारपटलाला प्राणवायू कोठून मिळतो? हवेतील प्राणवायू अश्रूंमध्ये विरघळतो आणि अश्रूंमधून तो पारपटलाला मिळतो. म्हणजे आपण नाकाने श्वास घेतो, तसे पारपटल अश्रूंच्या मदतीने श्वास घेते, असे म्हटले तरी चालेल.

अश्रूंचा हा थर अतिशय पातळ असतो. एका मिलिमीटरचे तीनशे भाग केले, तर त्यातील एका भागाएवढी त्याची जाडी भरेल. एवढ्याशा थरात तीन पदार्थ असतात. सर्वांत आत चिकट द्रव असतो. त्यामुळे अश्रू डोळ्याला धरून राहतात. त्यावर पाणी असते. हे पाणी वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या अश्रुग्रंथीतून येते. सर्वांत वर तेलाचा थर असतो. पापण्यांच्या कडांना ओळीने बारीक ग्रंथी असतात. त्यांतून हे तेल पाझरते. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली या ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी असे नाव पडले. या तेलामुळे खालचे पाणी लवकर वाळत नाही. 'डोळ्यांत तेल घालून पहारा देणे' असा वाक्प्रचार आपण वापरतो. निसर्गाने तर खरोखरच आपल्या डोळ्यांत तेल घातले आहे!

अश्रू डोळ्यांचे रक्षणही करतात. ते धूळ धुऊन टाकतात आणि जंतूंचा नाश करतात. पुढे पेनिसिलिनचा शोध लावणारे शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली लायसोझाइम या जंतुनाशक पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली. हा पदार्थ अश्रूंमध्ये भरपूर असतो. प्रयोगासाठी अश्रू हवेत, म्हणून फ्लेमिंग आपल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत असत. विज्ञानासाठी रडण्याचा हा प्रकार मोठा मजेशीर खरा, पण तुम्ही मात्र तो मुळीच करून पाहू नका.

आपण एका मिनिटात साधारणपणे पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा थर डोळ्यावर नव्याने पसरतो. वापरलेले अश्रू नाकाजवळच्या कोपऱ्यातील दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरतात. म्हणूनच रडताना नाकही वाहू लागते.

ही व्यवस्था बिघडली, की डोळे कोरडे पडतात. कधी अश्रू कमी तयार होतात. कधी तेल कमी पडते आणि अश्रू लवकर वाळतात. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकदम घडतात. वाचताना किंवा मोबाइलकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते. पंख्याचा झोत तोंडावर घेऊन झोपणे, चुलीचा धूर, रस्त्यावरची धूळ, दुचाकीवर लागणारा वारा, यंत्रमागाच्या कारखान्यात उडणारे सुताचे तंतू या सर्वांचा डोळ्यांना त्रास होतो. वय वाढले, की अश्रू कमी होतात. पन्नाशीनंतर स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. मधुमेह, काही प्रकारचे संधिवात आणि सर्दीच्या काही गोळ्या यांमुळेही डोळे कोरडे पडतात. स्वीडनमधील नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या रोगाला आज त्यांचेच नाव आहे.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. ते म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव. अशा मुलांना आधी संध्याकाळी अंधूक दिसू लागते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. मग डोळे कोरडे व निस्तेज होतात. तरीही दुर्लक्ष झाले, तर पारपटलावर जखम होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. हे टाळण्यासाठी आपल्या देशात १९७० सालापासून बालकांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देण्याची योजना सुरू झाली. आज नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना हा डोस दिला जातो. तुमच्या घरी लहान भावंड असेल, तर त्याचा डोस चुकला नाही ना, हे आईवडिलांना अवश्य विचारा. पालक, मेथी, गाजर, पपई, आंबा, अंडी व दूध यांतूनही हे जीवनसत्त्व मिळते.

कोरडे डोळे ओळखावेत कसे? डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, जळजळते. डोळे लाल होतात. वाचताना अक्षरे पुसट होतात आणि पापण्या मिटून उघडल्या, की पुन्हा स्पष्ट दिसतात. एखादा मुलगा थोडा वेळ वाचून पुस्तक मिटतो आणि डोळे चोळत बसतो. घरची माणसे म्हणतात, "याला अभ्यासाचा कंटाळा आहे." कदाचित त्याचे डोळे कोरडे असतील, कदाचित त्याला चष्मा हवा असेल. रागावण्यापूर्वी डोळे तपासून घेतले, तर त्या मुलावर अन्याय होणार नाही.

या रोगाचे आणखी एक लक्षण ऐकून तुम्हांला नवल वाटेल. कोरड्या डोळ्यांतून कधी कधी खूप पाणी वाहते! पारपटलात पुष्कळ मज्जातंतू असतात. तेथे कोरडेपणा आला, की ते मेंदूला सूचना देतात. मग अश्रुग्रंथी भराभर पाणी सोडते. परंतु त्या पाण्यात तेल पुरेसे नसल्याने ते डोळ्यांत टिकत नाही, गालांवरून वाहून जाते. वाऱ्यात गेले, की दादीच्या डोळ्यांतून पाणी येते. आपण म्हणतो, "वय झाले, आता असेच चालायचे." पण या दुखण्यावर उपचार होऊ शकतात.

तपासणी अगदी सोपी आहे. जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली पद्धत आजही वापरतात. कागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीच्या कडेला अडकवतात. पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली, ते पाहतात. पट्टी पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळा फारच कोरडा आहे असे समजतात.

साध्या त्रासावर घरीच बरेच काही करता येते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे. पापण्यांची पूर्ण उघडझाप करावी. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून पिळावे व मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. त्यामुळे साकळलेले तेल पातळ होते. डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात. थेंब घालण्यापूर्वी हात धुवावेत. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. एवढ्याने बरे वाटले नाही, तर डॉक्टर इतर औषधे देतात, किंवा अश्रू वाहून नेणारी छिद्रे लहानशा बुचाने बंद करतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. लाल डोळ्यांसाठी दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने पहिल्या दिवशी आराम पडतो. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते अनेक दिवस घातले, तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मध, दूध किंवा गुलाबपाणी डोळ्यांत घालू नये. काही सुरम्यांमध्ये शिसे आढळले आहे, म्हणून लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नये. डोळा फार दुखला, उजेड सहन होईना किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

अश्रूंचा पडदा किती पातळ, पण त्याच्या आधारावर आपण सारे जग पाहतो! तो जपणे आपल्याच हाती आहे.

शब्दार्थ
पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असे
ओघळणे – थेंब खाली वाहणे
निस्तेज – चमक नसलेले
साकळणे – घट्ट होऊन साचणे
कटाक्षाने – काळजीपूर्वक, न चुकता

वाक्प्रचार
डोळे पाणावणे – डोळ्यांत अश्रू येणे
डोळ्यांत तेल घालून पहारा देणे – अतिशय दक्षतेने राखण करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पारपटलाला प्राणवायू कशातून मिळतो?
(आ) अश्रूंतील तेलाचा उपयोग कोणता?
२. कारणे लिहा.
(अ) रडताना नाक वाहू लागते.
(आ) कोरड्या डोळ्यांतून कधी कधी पाणी वाहते.
३. 'अश्रू', 'पापणी', 'दृष्टी' या शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द आहेत, ते लिहा.
४. डोळ्यांची काळजी कशी घ्याल, ते घरातील मोठ्यांशी बोलून आठ ओळींत लिहा.