टाइल्सखालचे पाणी

गृहदुरुस्ती कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या अंदाजपत्रकांत स्नानगृहाच्या टाइल्सचा रंग, आकार व दर यांचा तपशील भरपूर असतो. जलरोधनाचा मात्र अनेकदा उल्लेखही नसतो. वस्तुतः पाणी अडविणे हे टाइल्सचे काम नव्हेच. सांध्यांतून ते थोडेथोडे झिरपतेच आणि खाली अभेद्य थर नसल्यास खालच्या घराच्या छतावर उमटते.

म्हणून जुनी फरशी उखडल्यावर प्रथम नहाणी ट्रॅप व पाइपांभोवतीच्या फटी बुजवाव्यात. भिंत व जमीन जेथे मिळतात तेथे सिमेंटचा गोल वाटा द्यावा. त्यावर जलरोधक लेपाचे दोन थर, पहिला वाळल्यावरच दुसरा. शॉवरलगतच्या भिंतींवर हा लेप सुमारे 6 फुटांपर्यंत न्यावा.

यानंतर ट्रॅप बंद करून 48 तास पाणी साठवावे आणि खालच्या घरी जाऊन छत पाहावे. घाईत नेमकी हीच चाचणी वगळली जाते. आम्हीही वगळली होती; चार महिन्यांत नवी फरशी फोडावी लागली, शिवाय खालच्या काकूंचे छतही रंगवून द्यावे लागले!

व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जेमतेम शोषतात, त्यामुळे साध्या सिमेंटला त्या नीट धरत नाहीत; त्यांना टाइल अॅडहेसिव्हच हवे. उतार ट्रॅपकडे, मीटरमागे किमान 1 सेंटिमीटर असावा.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार अशा अंतर्गत गळतीचा दुरुस्तीखर्च संबंधित सदस्यानेच सोसावयाचा असतो. तेव्हा जलरोधन व पाणीचाचणी या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात आणि चाचणी होईपर्यंत कंत्राटदाराचा पुढील हप्ता राखून ठेवावा.