समुद्रांतील खेकडा व मच्छीमारीचा जमाखर्च

शेतकीच्या मासिकांत खेकड्याचा पाठ कशासाठीं, असें कोणी विचारील. भांडुपाकडे ठाण्याच्या खाडीकांठीं राहणारास हा प्रश्न पडूं नये. या पट्टींतील आगरी व कोळी कुटुंबांत भातशेती, मिठागर व जाळें हे धंदे पूर्वापार शेजारीं नांदले आहेत. सबब शेतांतील हानि जशी समजून घ्यावी, तशीच जाळ्यांतीलहि घ्यावी.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. पंचनाम्याच्या तक्त्यांत नुकसानीचा रकाना असे, लाभाचा नसे. खेकड्याविषयीं आपला हिशेब असाच एकांगी झाला आहे.

प्रथम खर्चाची बाजू पाहूं. जाळ्यांत अडकलेला खेकडा नांगीनें दोरा तोडतो, गुंतलेले मासे कुरतडतो, आणि त्याचा एकेक पाय सोडवीत बसण्यांत मच्छीमाराचा वेळ जातो. खेकडे थव्यानें आले तर जाळें जड होऊन फाटतें व चांगली मासळी चिरडते. खारबांधांत चिंबोरीनें बीळ पाडलें तर उधाणाचें पाणी भातांत शिरतें. हें नुकसान खरें आहे.

आतां जमेची बाजू. मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्निया किनाऱ्यालगत पॅसिफिक महासागरांत तांबड्या रंगाचा एक लहान जीव थव्यांनीं तरंगत असतो. लोक त्यास तांबडा खेकडा म्हणतात. शास्त्रदृष्ट्या मात्र तो खऱ्या खेकड्यांच्या वर्गांतील नव्हे. समुद्राचें पाणी उष्ण झालें कीं हे थवे उत्तरेस जातात. २०१५ सालीं अमेरिकेंतील सान डिएगोच्या पुळणी त्यांच्या राशींनीं लाल झाल्या होत्या. त्याचें दुसरें नांव ट्यूना-खेकडा असें आहे, कारण ट्यूना मासा त्यावर पोसतो.

आपल्या अरबी समुद्रांतहि असाच प्रकार आहे. कॅरिब्डिस स्मिथी नांवाचा पोहणारा खेकडा खोल समुद्रांत मोठ्या थव्यांनीं आढळतो. त्याची पाठ सुमारें पांच-सहा सेंटीमीटर रुंद असते. दिवसां तो खोल जातो व रात्रीं पृष्ठभागाजवळ येतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळें कांहीं भागांत तळाकडील थंड व कसदार पाणी वर येतें. शेणखतानें जमीन पिकावी तसें तें पाणी पिकतें आणि त्यांत बारीक जीव वाढतात. असे जीव खेकडा खातो, व खेकड्यास कुपा खातो. गळास लागलेल्या पिवळ्या पराच्या कुप्याच्या पोटांत हाच खेकडा मोठ्या प्रमाणांत सांपडलेला आहे. गवत आपणांस खातां येत नाहीं. गाय त्याचें दूध करते. समुद्रांत या खेकड्याचें काम त्याच जातीचें आहे.

खाडींतहि हिशेब असाच आहे. तिवरांचीं गळलेलीं पानें लहान खेकडे कुरतडून चिखलांत मिसळतात व त्यांच्या बिळांतून चिखलास हवा मिळते. खेकड्यांचीं सूक्ष्म पिलें माशांचें खाद्य होतात. चिंबोरीची मादी अंडीं सोडण्यास खाडींतून समुद्राकडे जाते, आणि पिलें वाढण्यासाठीं पुन्हां तिवरांच्या आश्रयास येतात. भराव टाकून तिवरें गाडलीं म्हणजे ही वहिवाट बंद होते. मग जाळें रिकामें येतें, आणि दोष नशिबास दिला जातो.

यावरून घ्यावयाचा बोध असा :

(१) पोटावरील झांकण रुंद व गोलट असेल तर ती मादी. निमुळतें असेल तर नर. मादीच्या पोटाखालीं अंड्यांचा गुच्छ दिसल्यास ती जिवंत पाण्यांत सोडावी. गुच्छ प्रथम नारिंगी असतो. काळसर झाला म्हणजे पिलें लवकरच बाहेर पडणार असें समजावें. एका मादीपाशीं लाखों अंडीं असतात.

(२) नुकतीच कात टाकलेली मऊ चिंबोरी आंतून पाणचट असते व तिला भाव येत नाहीं. ती सोडावी, किंवा पिंजऱ्यांत ठेवून चारा घालावा. कांहीं आठवड्यांत ती भरते.

(३) जाळ्यांतील नको असलेला खेकडा नांग्या मोडून फेकूं नये. शक्य तितका धडका परत सोडावा.

(४) बांधांतील चिंबोरी मात्र अवश्य धरावी, आणि बीळ पावसाळ्यापूर्वीं चिखलानें ठेचून बुजवावें.

खेकड्यास सरसकट शत्रु मानूं नये, व बांधांत त्यास थाराहि देऊं नये. कोणता खेकडा कोठें धरावा व कोठें सोडावा, एवढें ज्यास कळलें त्याचा बांधहि टिकेल आणि त्याच्या मुलांस मासळीहि मिळेल.