टेस्टोस्टेरॉन उपचार आणि रक्तदान

रक्तदात्याच्या बोटातून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडण्याची पद्धत पुष्कळांनी शिबिरांत पाहिली असेल. हे द्रावण म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे मोरचूद होय. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेले असते. थेंब तळाशी गेल्यास १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, असे मानतात. तथापि रक्त किती दाट आहे, हे त्यावरून कळत नाही. आणि टेस्टोस्टेरॉनचा उपचार घेणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत नेमके तेच कळावयास हवे असते.

वृषणांतून हे संप्रेरक पुरेसे निर्माण होत नसल्यास ते बाहेरून देतात. १९३५ साली ते प्रयोगशाळेत प्रथम तयार करण्यात आले. स्नायू व हाडे यांच्याबरोबर अस्थिमज्जेवरही त्याचा परिणाम होतो. मूत्रपिंडातून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन वाढते, लोहाचा वापर सुलभ होतो आणि तांबड्या पेशी अधिक तयार होतात. रक्तातील पेशींचा हिस्सा, म्हणजे हिमॅटोक्रिट, शेकडा ५४ च्या वर गेल्यास उपचार थांबवून तो उतरण्याची वाट पाहावी, असा वैद्यकीय संकेत आहे. त्वचेवर लावावयाच्या औषधापेक्षा सुईने दिलेल्या औषधात ही वाढ अधिक आढळते.

निपाणीचे नाव तंबाखूशी निगडित आहे, म्हणून येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक ठरते. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळेही शरीर तांबड्या पेशी वाढविते. विडी आणि सुई एकत्र आल्यास रक्त दाट होण्यास दुहेरी कारण मिळते. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात तालमींची परंपरा जुनी आहे. शरीर कमावण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याविना ही सुई टोचून घेणाऱ्या तरुणाचे स्वतःच्या वृषणांचे कार्य मंदावते व शुक्रजंतू घटतात. सुई सामाईक असल्यास कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांचा धोका असतो, तो निराळाच.

रक्त दाट झाले तर ते दान करावे, म्हणजे दोन्ही कामे साधतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हिशेब जुळत नाही. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते, तर अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते. औषधाची मात्रा तीच राहिल्यास मज्जेला चालना मिळतच राहते. परिणामी काही काळाने रक्त पुन्हा दाटते, आणि लोहाचा साठा मात्र रिता होऊन थकवा येतो. ज्या थकव्यासाठी औषध सुरू केले, तोच हा थकवा, असे समजून मात्रा वाढविली जाण्याचा संभव असतो! खरा उपाय मात्रा कमी करणे, औषधाचा प्रकार बदलणे, धूम्रपान सोडणे, हाच होय. आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावयाचा आहे.

रक्तदानाचे नियम केंद्रीय कायद्याखालील असल्याने बेळगावात व कोल्हापुरात ते सारखेच आहेत. पुरुषांसाठी दोन दानांमध्ये ९० दिवसांचे अंतर आवश्यक आहे. निपाणीच्या दात्यास दोन्ही शहरे जवळची. एकीकडे रक्त दिल्यावर दुसरीकडे जाताना त्याने मागील तारीख सांगावी. प्रश्नपत्रिकेत औषधाचे नाव, शेवटच्या सुईचा दिवस व ती कोणी दिली, हे लिहावे. दान घ्यावे की नाही, हे रक्तकेंद्राचे वैद्यकीय अधिकारी ठरवितात. दाटपणा उतरविण्यासाठीच रक्त काढणे आवश्यक असेल, तर तो उपचार आहे, दान नव्हे. तो रुग्णालयात, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच करून घ्यावा.