रंगाआधीची आंघोळ

अगं, काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता तेव्हाच मला कळलं, गाडीवरून कुणीतरी काहीतरी बोललंय. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवताना एकाने विचारलं म्हणे, "पिकअप घेतली की भंगारातून उचलली?" आणि आता तू दसऱ्याच्या आत बंपर, चाकांवरच्या कमानी, आरशांची टोपणं, सगळं काळंकुळकुळीत करायला निघालीस. कर बाई. पण आधी माझं ऐक.

तीन वर्षांपूर्वी मीही आमच्या पिकअपवर हाच उद्योग केला होता. काळ्या स्प्रेचे डबे आणले, फडक्याने धूळ झटकली आणि मारला रंग. दसऱ्याला गाडी नवरीसारखी दिसत होती. दिवाळीआधी वॉशिंगला नेली, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बंपरवरून कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे उडाले. तुझ्या दाजींना मी सांगितलं, रंगच डुप्लिकेट निघाला. रंग चांगला होता गं, आळस माझा होता. हे त्यांना अजून माहीत नाही, तूही बोलू नकोस.

बंपर-कमानींचं प्लास्टिक पांढुरकं पडतं ते उन्हाने. वरचा पातळ थर कुजून भुकटी होतो, हात फिरवलास की बोटाला लागतो. त्या भुकटीवर रंग मारला तर तो भुकटीलाच चिकटतो आणि तिच्यासकट निघतो. शिवाय बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. सुटा भाग उलटा करून बघ, आतल्या बाजूला पीपी, ईपीडीएम अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली दिसतील. सोबत टी२० असेल तर हसू नकोस, क्रिकेट नाही ते. त्यात २० टक्के टाल्क आहे. हे प्लास्टिक मेणासारखं, अंगाला काही लावून घेत नाही. म्हणून रंगाआधी अ‍ॅडहीजन प्रमोटरचा हात द्यावा लागतो. दुकानदार त्याला प्लास्टिक प्रायमरही म्हणेल, पण डब्यावर पॉलिप्रॉपिलीनला चालतो असं लिहिलंय ना, ते स्वतः वाच.

आणि खरं सांग, चकाकी यावी म्हणून तू टायर पॉलिश चोळतेस ना? खोबरेल तेलसुद्धा? मी दोन्ही केलंय. पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंग तिथून मागे सरकतो, माशाच्या डोळ्यांसारखी गोल छिद्रं पडतात. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, फडकं बदलत राहा. थिनर नको, काही प्लास्टिकं त्याने विरघळतात. त्यानंतरच घासायला घे. उलटं केलंस तर तेलकटपणा ओरखड्यांत मुरतो. खडबडीत भागाला राखाडी स्कॉचब्राइट, गुळगुळीत भागाला ४०० ते ६०० नंबरचा पेपर. पुन्हा पुसून पूर्ण वाळू दे. जे भाग सुटे होतात ते काढूनच रंगव. क्लिपा तुटतात, चार जास्तीच्या आणून ठेव. रिफ्लेक्टर आणि चमकणाऱ्या पट्ट्या टेपने झाक, रात्रीच्या फेऱ्यांना त्याच तुला वाचवतात.

रंग बंपर-ट्रिमसाठीचाच घे, तो प्लास्टिकबरोबर वाकतो. चकचकीत नको, मंद काळा घे. त्यात ओरखडे लपतात. साधारण २५ सेंटिमीटरवरून पातळ हात मार, मध्ये दहाएक मिनिटं थांब. पहिल्या हातात खालचं दिसलं तर दिसू दे. मी घाईने जाड थर दिला आणि ओघळ आले. प्रमोटरनंतर किती वेळात रंग मारायचा, हे डब्यावर असतं. त्यात जेवायला उठू नकोस.

परतीचा पाऊस असेल, हवा दमट असेल तर डबा उघडूच नकोस. भर उन्हात तापलेल्या बंपरवरही नको. शेडमध्ये, दारं सताड उघडी ठेवून, रसायनांच्या वाफेसाठीचा मास्क लावून कर. ओढणी बांधली म्हणजे मास्क झाला असं नाही. पोरांना तिथे फिरकू देऊ नकोस.

दसऱ्याचं म्हणशील तर वरून कोरडा वाटला तरी रंग आतून पक्का व्हायला आठवडाभर घेतो. तोवर धुणं नाही, आणि झेंडूचा हार बंपरला टेपने चिकटवणं तर नाहीच.

आधी मागच्या चाकावरची एकच कमान रंगव. आठ दिवसांनी त्यावर चिकटपट्टी दाबून खस्सकन ओढ. पट्टी कोरी निघाली तर बाकीची गाडी घे. काळं काही लागून आलं तर मला फोन कर. दसरा चुकला तर चुकू दे, पांढुरक्या बंपरनेही टोमॅटो वेळेवर पोचतात.