खिडकीतील बाग

शहरातील पुष्कळ घरांना अंगण नसते. तुळस गॅलरीच्या कठड्यावर आलेली असते आणि जेथे गॅलरीही नाही, तेथे एखादी खिडकी तेवढी वाट्याला येते. मुलांनो, त्या खिडकीतही बाग करता येते. मात्र आरंभीच एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अंगणातील झाडाला ऊन, पाऊस आणि वारा आपोआप मिळतात. मातीतील ओल कमी झाली, तर त्याची मुळे खोल जाऊन ती शोधतात. कुंडीतील झाडाला ही सोय नाही. त्याचे सारे जग चार ओंजळी मातीत सामावलेले असते आणि त्या जगाचा सर्व कारभार आपल्या हाती असतो.

प्रथम उजेडाचा विचार करू. खोलीत भरपूर उजेड आहे असे आपल्याला वाटते. कारण प्रकाश कमी झाला की आपल्या डोळ्यातील बाहुली मोठी होते व अधिक प्रकाश आत घेते. झाडाला अशी बाहुली नाही. प्रकाश ‘लक्स’ या मापाने मोजतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात पुष्कळदा १०० ते २०० लक्सच भरतो. पाने प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. म्हणून अशा कोपऱ्यातील झाड हळूहळू उपाशी मरते. जागा पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर वीतभर उंच हात धरावा. हाताची सावली ठळक पडली, तर तेथे तुळस किंवा कोरफड ठेवावी. सावली पुसट पडली, तर मनी प्लांट किंवा नेचा ठेवावा. सावली दिसतच नसेल, तर ती जागा खुशाल पुस्तकांना द्यावी.

पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते. पश्चिमेच्या खिडकीतील वैशाखाचे ऊन नाजूक पाने करपवून टाकते. दक्षिणेच्या खिडकीची गंमत निराळीच आहे. संक्रांतीच्या सुमारास तिच्यातून ऊन पार खोलीच्या आत येते. ज्येष्ठात मात्र सूर्य मध्यान्ही आपल्या डोक्यावर असतो व ऊन आत शिरतच नाही. म्हणून ऋतू पालटला की कुंड्यांच्या जागाही पालटाव्या लागतात.

झाडाची निवड करताना ते मूळचे कोठले, हे पाहावे. मनी प्लांट रानात मोठमोठ्या वृक्षांच्या बुंध्यावर चढत जातो. नेचे सह्याद्रीच्या घळीत ओल्या कातळाच्या आडोशाला वाढतात. दोघांनाही सावलीची सवय असते. ज्याच्या पानांची भजी करतात, ते पानओव्याचे झाड तर नवशिक्याचे मित्रच म्हणावे. त्याची फांदी ओल्या मातीत खोचली की काही दिवसांत मुळे धरते. मनी प्लांटचा तुकडा पाण्याच्या बाटलीतही वाढतो. फक्त एखादे पेर पाण्यात बुडालेले असावे. त्याचे पान चावल्यास तोंडाला आग सुटते. म्हणून घरात रांगते मूल असेल, तर बाटली उंच ठेवावी.

कुंडी शक्यतो मातीची घ्यावी. माठाप्रमाणे तिच्या भिंतीतूनही ओल थोडी थोडी बाहेर पडते. तळाला भोक हवेच. त्यावर खापराचा तुकडा पालथा घालावा. शेतातील काळी माती पिकाला उत्तम, पण कुंडीत ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू, असे मिश्रण करावे.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो; कारण घरातील झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक अतिपाण्याने मरतात. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात व त्यांत हवा असते. मुळेही श्वास घेतात. त्यांना ही हवा लागते. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी ओतले, तर साऱ्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. तेव्हा झाड पाण्यात उभे असूनही पाने कोमेजतात. ती पाहून घरातील प्रेमळ माणसे आणखी एक तांब्या पाणी घालतात! तहानलेले झाड आणि बुडालेले झाड वरून अगदी सारखेच दिसते. खरे काय ते बोटाला कळते. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली, तर पाणी घालू नये. कोरडे लागले, तर तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घालावे आणि खालच्या बशीत साठलेले ओतून टाकावे. त्या बशीत आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. पावसाळ्यात हवा दमट असते व माती लवकर सुकत नाही. तेव्हा पाणी फार बेताने द्यावे.

पाणी किती थोडे पुरते, याची एक खरी गोष्ट ऐका. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. त्यांना नेच्यांची फार आवड होती. पण शहरातील कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे जगेनात. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश पाहण्यासाठी रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर मातीत ठेवला व झाकण लावले. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा व एक गवताचे रोपटे उगवले. दिवसा मातीतील ओलावा वाफ होऊन काचेवर जमे आणि थेंबांच्या रूपाने पुन्हा मातीत उतरे. तेच पाणी फिरत राहिले आणि वरून पाणी न घालता ती रोपे सुमारे चार वर्षे जगली. ती मेली कशाने, ठाऊक आहे? डॉक्टर बाहेरगावी असता झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे नष्ट झाली. पुढे त्यांनी काचेच्या पेट्या बनविल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून लंडनहून जहाजाने पाठविलेली रोपे ऑस्ट्रेलियातील सिडनीला जिवंत पोचली. चीनमधील चहाची रोपेही अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आली.

अशी बाग तुम्हालाही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत करता येईल. काचेची मोठी बरणी स्वच्छ धुवावी, तळाला चार बोटे ओलसर माती घालावी आणि लहानसा नेचा व थोडे शेवाळ लावावे. झाकण घट्ट बसवून बरणी उजेडात ठेवावी. उन्हात मात्र नको, कारण बंद बरणी आतून तापते. सकाळी काचेवर दव दिसेल व दुपारपर्यंत बरेचसे विरेल. दिवसभर काच धूसरच राहिली, तर आत पाणी जास्त झाले असे समजावे आणि झाकण दोन तास काढून ठेवावे.