विष्णुक्रांता लावण्याआधी

खर्ड्याच्या मुरमाड माळावर पावसाळ्यात विष्णुक्रांता फुलते. निळं फूल जेमतेम सेंटिमीटरभर, तेही जमिनीलगत. मला ती दारात हवी होती, म्हणून एका रोपवाटिकेतून तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली कुंडी आणली. फुलं आली ती रुपयाच्या नाण्याएवढी, पानांच्या बगलेत दाटीवाटीने बसलेली. ते इव्हॉल्व्युलस ग्लोमेरॅटस निघालं, ब्राझीलकडचं शोभेचं झाड. दिसायला देखणं, पण आपल्या माळाचं नव्हे.

आपली ती इव्हॉल्व्युलस अल्सिनॉइडिस. हे शास्त्रीय नाव लिनियसने १७६२ मध्ये दिलं. चिठ्ठीपेक्षा फुलाचा देठ बघा. आपल्या विष्णुक्रांतेचा देठ दोऱ्यासारखा बारीक आणि बहुधा पानाहून लांब असतो. फळ धरलं की तो खाली वळतो. पानं इवलीशी, रेशमी लव असलेली. फुलं दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा भिंग घेऊन सकाळीच जा. फुलाच्या मधोमध दोन कुक्षीवृंत आणि प्रत्येकाला दोन फाटे, असे चार धागे दिसतील. पांढरट किंवा फिकट गुलाबी, नरसाळ्यासारखं फूल आणि एकच कुक्षीवृंत दिसला, तर ती शंखपुष्पी.

हा फरक औषधासाठी फार महत्त्वाचा. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्युलस प्लुरिकॉलिस. बाजारात मात्र त्याच नावाने विष्णुक्रांताही विकली जाते आणि केरळात गोकर्णाला शंखपुष्पी म्हणतात. नावावर विसंबून दारचं झाड वाटून कुणाला, विशेषतः लेकरांना, देऊ नका. आधी वैद्यांना दाखवा.

लावायची तर बियांपासून. माळावरचं झाड उपटू नका. मूळ लाकडासारखं कडक असतं, ओढलं की तुटतं आणि दोन्हीकडचं झाड जातं. बोंडं वाळून तपकिरी झाली की थोडीच घ्या, बाकीची माळाला राहू द्या. बियांचं कवच कठीण, म्हणून पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर भिजवा. निम्मा मुरूम मिसळलेली माती, भरपूर ऊन आणि बेताचं पाणी. शेणखत घालू नका, हरळी मात्र वेळच्या वेळी खुरपा.

आणि गावात वृक्षारोपणाची बैठक बसली की तिथे जरूर बोला. माळ पडीक समजून त्यावर खड्डे घेतात. झाडांची सावली दाटली की उन्हाचं हे फूल तिथून जातं. खड्डे रस्त्याकडेला, गावठाणात घ्या, माळाचा एक तुकडा तरी गवतासाठी सोडा, असं ठामपणे सांगा.