मोटारीची उपासमार

शर्यतीची मोटार पाहिली म्हणजे आपलें लक्ष तिच्या वेगाकडे जातें. परंतु पेट्रोलचा थेंब कोणत्या वाटेनें इंजिनांत पोंचतो, याचा विचार थोडेच करितात. आज त्या वाटेचाच अभ्यास करूं.

टाकी, नळी, गाळणी, पंप आणि कार्ब्युरेटर अशी ही वाट आहे. कार्ब्युरेटरच्या लहानशा कुंडींत एक तरंगता गोळा असतो. कुंडी भरली म्हणजे तो वर येतो व सुईनें पेट्रोलचें दार बंद करितो. पेट्रोल उतरलें कीं दार पुन्हा उघडतें. शेजारच्या अरुंद गळ्यांतून हवा वेगानें ओढली जाते, तेथें तिचा दाब उतरतो, आणि 'जेट' नांवाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडतो. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा लागते. पेट्रोल याहून फार कमी पडलें तर इंजिन अडखळतें, तापतें, आणि शर्यतींत दट्ट्याही जळूं शकतो.

१९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० चें ७९६ घन सेंटिमीटरचें इंजिन वऱ्हाडांतील रस्त्यांवर पुष्कळ वर्षें दिसलें. तेंच इंजिन बसवून 'फॉर्म्युला मारुती' नांवाच्या मोटारी शर्यतींत धांवत. गांवांत निमूटपणें चालणारें इंजिन शर्यतींत कां अडावें ? कारण तेथें पेट्रोलची मागणी अखंड असते. अर्धवट बुजलेली गाळणी गांवापुरती पुरते, शर्यतीस पुरत नाहीं. म्हणून दोष कोठें प्रकट होतो तें पाहावें. लांब सरळ रस्त्यावर दम तुटला, तर गाळणी, पंप व नळी तपासावी. वळणावरच तुटला, तर टाकींतील अथवा कुंडींतील पेट्रोल एका बाजूस फेंकलें जात असावें. काळा धूर व पेट्रोलचा वास आला, तर सुईचें दार नीट मिटत नसावें. प्लगही साक्ष देतो : पांढरा पडल्यास पेट्रोल कमी, काजळल्यास अधिक, फिकट तपकिरी असल्यास प्रमाण योग्य.

हा क्रम आम्ही फजिती होऊन शिकलों. एका मे महिन्यांत अकोल्याहून अमरावतीस येतांना आमची जुनी मोटार मूर्तिजापुरापुढें बंद पडली. थोडें थांबतांच ती सुरू होई, आणि चार-पांच मैल जाऊन पुन्हा थांबे. ऊन पाहून आम्हीं ठरविलें कीं नळींत पेट्रोलची वाफ झाली. ओलें फडकें गुंडाळलें. उपयोग झाला नाहीं. मग उतावीळपणें कार्ब्युरेटर खोलला आणि बारीक जेट धुळींत हरविला. तासभर धूळ चाळल्यावर तो सांपडला. इतक्यांत एक वृद्ध मिस्त्री आले. ते म्हणाले, "मास्तर, आंधी टाकी पाहा, मंग इंजिन खोला !" त्यांनीं टाकीचें झांकण फिरवितांच 'फुस्स' करून हवा आंत शिरली. झांकणाचें वायुछिद्र मातीनें बुजलें होतें. पेट्रोल जाई, पण त्याची जागा घेण्यास हवा येत नसे. म्हणून पंप हतबल होई. विसाव्यांत थोडी हवा झिरपे आणि मोटार पुन्हा चाले.

दोषाची जागा नेमकी कळली कीं उपाय लहानही पुरतो. १९४० सालीं ब्रिटिश लढाऊ विमानानें एकाएकीं नाक खालीं केलें कीं त्याचें मर्लिन इंजिन अडखळे; कुंडींतील पेट्रोल वर उसळून जेट कोरडा पडे, आणि पाठोपाठ कुंडींत पेट्रोलचा पूर येई. मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणाऱ्या बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनीं पेट्रोलच्या वाटेवर मोजक्या छिद्राचा एक लहानसा पितळी तुकडा योजिला. १९४१ सालीं तो विमानांत बसविण्यांत आला आणि पुष्कळ अडचण दूर झाली.

तेव्हां मुलांनो, टाकीपासून आरंभ करावा, एका वेळीं एकच वस्तु बदलावी, आणि तिचा परिणाम पाहून पुढें जावें. इंजिन निवल्याशिवाय, अथवा जवळ ज्योत असतां, पेट्रोलच्या भागास हात लावूं नये. वडील माणूस सोबत असावेंच. आजच्या नव्या मोटारींत कार्ब्युरेटर उरला नाहीं. परंतु अडलेलें गणित असो वा यंत्र, मुळापासून एकेक पायरी तपासण्याचा हा नियम जुना होणार नाहीं.